लेकीला एचपीव्हीची लस : ‘बघू नंतर’ म्हणण्याआधी

थोरली बाराची झाली तेव्हा आमच्या बालरोगतज्ज्ञांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे ‘एचपीव्ही लस, विचार करा’ असं लिहून दिलं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी ही लस. ती चिठ्ठी आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली जवळजवळ तीन वर्षं लटकत होती. आम्ही नाही म्हटलं नव्हतं, पण हो तरी कुठे म्हटलं होतं? हे म्हणायचे, ‘परीक्षा होऊ दे.’ मी म्हणायचे, ‘दिवाळीनंतर बघू.’ शेवटी पंधराव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले असताना धावतपळत पहिला डोस दिला. धाकटीच्या वेळी शहाणपण आलं होतं, तिचं दहाव्या वर्षीच सुरू केलं.

मी डॉक्टर नाही. पण त्या तीन वर्षांत आणि नंतर सोसायटीतल्या, माहेरच्या, ऑफिसातल्या बायकांनी मला एवढे प्रश्न विचारले की शेवटी सगळं एकदा लिहूनच काढावं असं ठरवलं. निर्णय तुमचाच. फक्त तो घ्या, चिठ्ठीला फ्रिजवर पिवळी पडू देऊ नका.

पायरी १ : आधी आजार कोणता ते नीट कळू द्या

डॉक्टर ‘गर्भाशयमुखाचा कर्करोग’ म्हणतात. आपल्याकडे बायका ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, आणि तेही दबक्या आवाजात. भारतातल्या बायकांमध्ये स्तनांच्या कॅन्सरनंतर याचाच नंबर लागतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा आजार नव्याने झाला आणि जवळपास ८० हजार जणी त्याने गेल्या.

माझं माहेर बार्शी तालुक्यातलं. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीत सुरू झाली. कोणत्या गावात कोणाला कोणता कॅन्सर झाला याची पद्धतशीर नोंद त्याआधी खेड्यांत कुणी ठेवतच नव्हतं. त्या नोंदींमध्ये बायकांच्या बाबतीत हाच कॅन्सर वर्षानुवर्षं ठळकपणे पुढे येत राहिला. माझी एक चुलतआजी याच आजाराने गेली. घरात तेव्हा ‘तिला अंगावरून जायचं’ एवढंच बोललं गेलं. नाव मी कळती झाल्यावर ऐकलं.

हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. या विषाणूचे दोनशेच्या वर प्रकार आहेत आणि त्यातले बरेचसे निरुपद्रवी. १६ आणि १८ नंबरचे दोन मात्र जगभरातल्या या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्क्यांना जबाबदार आहेत, भारतात त्यांचा वाटा त्याहून जास्त.

विषाणू लैंगिक संबंधातून, त्या भागातल्या त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. इथेच घराघरांत गाडी अडते. ‘आमची मुलगी तशी नाही’ हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलं असेल! अहो, ‘तशी’ असण्याचा प्रश्नच नाही. हा संसर्ग इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या, संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. दहातल्या नऊ जणांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो, कळतसुद्धा नाही. एखादीच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो आणि दहा, पंधरा, वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होतो. उभा जन्म एकाच नवऱ्याबरोबर काढलेल्या बायकांनाही होतो, कारण विषाणू नवऱ्याकडून आलेला असू शकतो, तोही लग्नाआधीचा, त्यालाही ठाऊक नसलेला. मुलीच्या वळणाचा आणि या लसीचा काही संबंध नाही. हे एकदा पटलं की पुढचं निम्मं भांडण मिटतं.

पायरी २ : लस काय करते, काय नाही

या लशीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन तेवढं असतं. नारळाची करवंटी आहे, आत ना पाणी ना खोबरं, असं समजा. त्यामुळे लशीतूनच एचपीव्ही होईल ही शक्यता नाही. शरीर त्या करवंटीची ओळख ठेवतं आणि पुढे खरा नारळ आला की त्याला दारातच अडवतं.

दारात, घरात शिरल्यावर नाही. आधीच झालेला संसर्ग ही लस काढत नाही. म्हणून ती विषाणूशी गाठ पडायच्या आधी, म्हणजे नऊ ते चौदा या वयात द्यायची. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘लग्नाला एवढा अवकाश आहे, आत्तापासून कशाला?’ मी म्हटलं, ‘आई, अवकाश आहे म्हणूनच.’ दुसरं कारण असं की लहान वयात शरीर या लशीला जास्त जोरदार प्रतिसाद देतं, म्हणून डोसही कमी लागतात.

उपयोग होतो का, हे आता अंदाजावर राहिलेलं नाही. लस २००६ मध्ये बाजारात आली आणि तेव्हाच्या मुली आता तिशीत आल्या आहेत. स्वीडनमध्ये १६ लाखांहून जास्त मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या, त्यात सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी दिसला. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींत ८७ टक्क्यांनी कमी. स्कॉटलंडने २०२४ मध्ये सांगितलं की बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या त्या गटात या कॅन्सरची एकही केस सापडली नाही.

फक्त हे लक्षात असू द्या की सगळ्याच प्रकारच्या विषाणूंवर कुठलीही एक लस चालत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीत तपासणी करावी लागणारच. ‘लस झाली, आता सुटलो’ असं नाही.

पायरी ३ : मनातली भीती बाहेर काढा, एकेक करून

व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज पुसून टाकून भीती जात नाही. माझीही गेली नव्हती. मला सगळ्यात जास्त टोचत होतं ते ‘आंध्रात मुली मेल्या’ हे. मग त्याच्या मागे लागले. ती गोष्ट अशी आहे.

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला, हजारो मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. त्यातल्या सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने काम थांबवलं. चौकशी झाली. मृत्यूंची कारणं वेगवेगळी निघाली : कुणी बुडून, कुणी साप चावून, कुणी कीटकनाशक पिऊन, कुणी मलेरियाने. लशीशी संबंध आढळला नाही. पण चौकशीत दुसरं काही आढळलं आणि ते लाजिरवाणं होतं. कितीतरी मुली आदिवासी आश्रमशाळांत राहणाऱ्या होत्या आणि त्यांच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी मुख्याध्यापकांच्या, वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होतं.

माझ्या मते या प्रकरणातून आपण घ्यायचं ते एवढंच, की लशीवर नाही तर न विचारता टोचण्यावर संशय घ्यायचा. शाळेतून संमतीपत्र आलं तर वाचून सही करा. वाचताना प्रश्न पडला तर शाळेत जाऊन विचारा. ‘सगळ्यांनी सही केलीय’ हे काही उत्तर नव्हे.

याच गोष्टीला एक शेपूट आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. त्याच काळात देशात आणखी एक मोठा अभ्यास चालू होता. बार्शी आणि पुणे ही त्यातली दोन केंद्रं. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे बघायचं होतं. एप्रिल २०१० च्या बंदीमुळे तोही थांबला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही. पुढची जवळजवळ दहा वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : १६ आणि १८ नंबरच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचं संरक्षणही दोन आणि तीन डोसांच्या तोडीचं, ९५ टक्क्यांच्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसालाही मान्यता दिली, तेव्हा त्यामागे आपल्याकडच्या या मुलींचाही पुरावा होता. बार्शीकर म्हणून मला याचा जरा अभिमान आहे, लपवत नाही.

आता बाकीच्या शंका. ‘पुढे मूल होणार नाही’ ही आयांच्या गटातली सगळ्यात जुनी भीती. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीने हा मुद्दा तपासला आहे आणि वंध्यत्वाशी संबंध दिसलेला नाही. उलट हा कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था झाली की जे उपचार करावे लागतात, त्यांनी गर्भधारणा अवघड होऊ शकते, पिशवीच काढावी लागू शकते.

जपानचं उदाहरणही मेसेजमध्ये येतं, ‘जपानने बंद केली!’ अर्धी गोष्ट आहे ही. २०१३ मध्ये अंगदुखी, हातपाय आखडणं अशा तक्रारींच्या बातम्या गाजल्या आणि जपान सरकारने लशीची शिफारस थांबवली. लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली गेलं. मग नागोया शहरात जवळपास ३० हजार मुलींकडून २४ प्रकारच्या तक्रारींची माहिती गोळा केली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत फरक सापडला नाही. २०२२ च्या एप्रिलपासून जपानने पुन्हा शिफारस सुरू केली. मधली नऊ वर्षं गेली ती गेलीच.

‘लस दिली तर मुलीला मोकळीक मिळाल्यासारखं वाटेल’ असंही एका वहिनींनी मला विचारलं. मी त्यांना विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिल्यावर पोरं गंजक्या खिळ्यांवर नाचतात का? त्या हसल्या आणि विषय संपला. परदेशात यावर अभ्यासही झालेत, त्यांतही तसं काही दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट बोलून टाकते. आपल्याकडे ‘कॅन्सर होईल’ ही भीती घालून बायकांना लुबाडण्याचा इतिहास आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा कितीजणींनी सांगितलं की डॉक्टरांनी कॅन्सरचीच भीती दाखवली. त्यामुळे एखादी आजी लशीचं नाव काढताच ‘हा पैशाचा धंदा’ म्हणाली तर तिला अडाणी म्हणू नका. तिला आजार, वय, किंमत सगळं समोर ठेवून सांगा. आमच्याकडे तेच चाललं.

पायरी ४ : वय मोजा, तारीख लिहा

इथे मी चुकता चुकता वाचले म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगी नऊ वर्षांची झाली की लस देता येते. पंधरावा वाढदिवस ही महत्त्वाची रेघ. त्याच्या आधी पहिला डोस झाला तर खासगी बालरोगतज्ज्ञ साधारणपणे दोन डोस देतात, मध्ये सहा महिने सोडून. पंधरा पूर्ण झाल्यावर सुरू केलं तर तीन डोस : पहिला, मग दोन महिन्यांनी, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. मुलीची प्रतिकारशक्ती एखाद्या आजारामुळे किंवा औषधांमुळे कमी असेल तर लहान वयातही तीन, ते डॉक्टर सांगतीलच.

लोक गोंधळतात ते इथे : वय पहिल्या डोसाच्या दिवशीचं मोजायचं. माझ्या थोरलीचा दुसरा डोस ती साडेपंधरा वर्षांची असताना झाला, तरी दोनच पुरले. पहिल्या डोसाला गेलो तेव्हा एका दवाखान्यातल्या काउंटरवर ‘पंधरा म्हणजे तीन डोस’ असं म्हणून तीन डोसांची पावती करायला निघाले होते. जन्मदाखला दाखवला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. मग कार्डावर दुसऱ्या डोसाची तारीख दोन महिन्यांनंतरची लिहिली! दोन डोसांत पाच महिन्यांपेक्षा कमी अंतर पडलं तर दुसरा धरला जात नाही, तिसरा घ्यावा लागतो. डॉक्टरांना दाखवून तारीख बदलून घेतली. कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही, तिथे रोज शंभर माणसं येतात. पण कार्ड हातात आल्यावर दारातच तारीख वाचा.

सरकारी मोहिमेत किंवा शाळेच्या शिबिरात एकच डोस देत असतील तर ‘आमच्यावर प्रयोग करताहेत’ असं समजू नका. वर सांगितलेला सगळा पुरावा त्याच एका डोसामागे आहे. खासगीत दोन आणि सरकारीत एक, यात कुणी फसवत नाही.

पंधरा उलटून गेली असेल तरी वेळ गेलेली नाही. सव्वीस वर्षांपर्यंत घेता येते, त्यानंतरचं डॉक्टरांशी बोलून ठरवावं. दुसरा डोस लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते, राहिलेला घेऊन टाकायचा.

पायरी ५ : कुठे, कोणती, कितीला

सगळ्यात आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नगरपालिकेच्या दवाखान्यात किंवा आशाताईंना विचारा : आमच्या भागात मुलींना ही लस मोफत मिळते का, कोणत्या वयाला, कधी? फुकटची म्हणून हलकी, हा समज मनातून काढा. पोलिओचे थेंब कुणी विकत घेतले होते?

सिक्कीमचं उदाहरण माझ्या नेहमी डोळ्यांसमोर असतं. त्या छोट्या राज्याने २०१८ मध्ये शाळाशाळांतून मुलींना लस दिली आणि ९५ टक्क्यांहून जास्त मुलींपर्यंत पोचले. त्याआधी आईबाप, शिक्षक, पत्रकार सगळ्यांशी बोलून घेतलं होतं.

खासगीत जायचं असेल तर तीन नावं ऐकू येतील. सेरव्हावॅक ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, २०२२ मध्ये मान्यता मिळालेली आणि २०२३ च्या जानेवारीत बाजारात आलेली. ती आणि गार्डासिल, दोन्ही चार प्रकारांवर चालतात : ६, ११, १६ आणि १८. यातले ६ आणि ११ कॅन्सर करत नाहीत, त्यांनी चामखिळी येतात. तिसरी गार्डासिल ९, ती नऊ प्रकारांवर. किमतीत मोठा फरक आहे. सेरव्हावॅकचा डोस दोन हजार रुपयांच्या आसपास, जुन्या गार्डासिलचा साधारण त्याच्या दुप्पट, आणि गार्डासिल ९ चा दहा हजारांच्या पुढे. दर बदलतात आणि दवाखान्याची फी वेगळी, तेव्हा फोन करून विचारून घ्या.

मग कोणती घ्यायची? माझं मत सरळ आहे. परवडत असेल तर नऊवाली घ्या, जास्त प्रकारांना अडवते. पण नऊवालीसाठी पैसे साठवत दोन वर्षं थांबणं हा मूर्खपणा. १६ आणि १८ हे मुख्य चोर तिन्ही लशी पकडतात. आम्ही दोघींनाही सेरव्हावॅक दिली. दोन मुली, चार डोस, आणि मध्येच एका महिन्यात गॅसची शेगडीही बिघडली होती.

जी सुरू केली तीच पुढच्या डोसाला घेणं सोयीचं. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, त्यामुळे मेडिकलमधून विकत घेऊन पिशवीत टाकून, बाजारहाट करत दवाखान्यात जाऊ नका. दवाखान्यातच ठेवलेली असेल तर उत्तम. टोचण्याआधी कुपीवरची मुदत बघायला मागा. त्यात संकोच कसला? दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतोच की आपण.

मुलगा असेल तर? सेरव्हावॅकला मुलग्यांसाठीही मान्यता आहे. पुरुषांनाही एचपीव्हीमुळे घशाचे आणि इतर काही कॅन्सर होतात. एकाचेच पैसे असतील तर मी आधी मुलीला देईन.

पायरी ६ : मुलीला सांगा

हे मी टाळत होते. यांनाच सांगितलं, ‘तुम्ही न्या तिला, टीटीचं इंजेक्शन म्हणा.’ हे नाही म्हणाले, आणि बरं झालं. पंधरा वर्षांच्या मुलीला खोटं सांगून दंडात सुई टोचायची आणि मग तिने आपल्याला सगळं खरं सांगावं अशी अपेक्षा ठेवायची?

थोरलीला मी भाजी निवडता निवडता सांगितलं. समोरासमोर बसून ‘महत्त्वाचं बोलायचंय’ म्हटलं की पोरी आक्रसतात. म्हटलं, गर्भाशयाच्या तोंडाला एक कॅन्सर होतो, तो एका विषाणूने होतो, तो विषाणू मोठेपणी शारीरिक संबंधातून येतो, आणि तुला तो कधीच होऊ नये म्हणून आत्ता लस घ्यायची. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘दुखतं का?’ दुसरा, ‘मग बाबांनी घेतलीय का?’ तिसरा तिने विचारला नाही, पण चेहऱ्यावर होता, म्हणून मीच सांगितलं : पणजी आजारी होती ती यानेच.

धाकटी दहाची. तिला एवढं पुरलं : ‘मोठी झाल्यावर पोटात होणारा एक वाईट आजार असतो, त्याची ही लस. ताईने घेतली.’ ताईने घेतली म्हटल्यावर पुढे काही विचारायचं राहिलंच नाही. पाळी आलेली असो वा नसो, लशीला फरक पडत नाही. पाळीच्या दिवसांतही देता येते. हे लिहायचं कारण म्हणजे दोन आयांनी मला वेगवेगळ्या वेळी ‘ते चार दिवस जाऊ देत’ म्हणून तारीख पुढे ढकलल्याचं सांगितलं.

पायरी ७ : त्या दिवशी

उपाशी पोटी नेऊ नका. वरणभात, पोहे, काहीही पोटात असू द्या. या वयातल्या मुलींना कुठल्याही इंजेक्शननंतर चक्कर येऊ शकते, ती सुईच्या भीतीने. म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवायचं, झोपवलं तर आणखी बरं. थोरली ‘मला काही होत नाही’ म्हणून ताडकन उठली आणि दारापर्यंत जाऊन पांढरी पडली. पाणी, पंखा, पाच मिनिटं, झालं ठीक. सैल बाह्यांचा कुर्ता घालून न्या, दंडाला सुई असते.

डॉक्टरांना आधी सांगायच्या गोष्टी : आधीच्या डोसाला किंवा यीस्टला जोरदार ॲलर्जी झाली होती का, रक्त गोठण्याची काही अडचण आहे का, आज ताप आहे का. अंगात सणसणीत ताप असेल तर पुढे ढकलतात, साध्या सर्दीला नाही. मोठ्या मुलींच्या बाबतीत, गरोदरपणात ही लस देत नाहीत.

नंतर दंड दुखणं, जरा सूज, डोकं जड, एखाद-दोन दिवस कणकण, हे होऊ शकतं. धाकटीला काहीच झालं नाही. थोरलीने दोन दिवस डाव्या हाताने दप्तर उचललं नाही. अंगावर एकदम गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं ही गंभीर ॲलर्जीची लक्षणं. दहा लाख डोसांत एखाद-दुसऱ्याला होते इतकी दुर्मिळ, पण होते ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच, म्हणून तर ती पंधरा मिनिटं. घरी आल्यावर तसं काही वाटलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

वार्षिक परीक्षा किंवा कबड्डीची मॅच दुसऱ्या दिवशी असेल तर तारीख चार दिवस मागेपुढे करा. चार दिवस म्हटलं, दिवाळीनंतर नाही.

पायरी ८ : कार्ड, आणि आईची पाळी

कार्डावर लशीचं नाव, बॅच नंबर, तारीख लिहून घ्या, बहुतेक ठिकाणी कुपीवरचा स्टिकरच चिकटवतात. मोबाईलमध्ये फोटो काढा. पुढच्या तारखेची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरवर करा, आणि सहा महिन्यांनंतरची तारीख पुढच्या वर्षात जात असेल तर नवीन कॅलेंडर आल्याबरोबर पहिलं काम ते.

धाकटीच्या दुसऱ्या डोसाच्या वेळी सिस्टरांनी सुई ठेवता ठेवता मला विचारलं, ‘ताई, तुमची तपासणी कधी झाली?’ मी चाळीस पार केलेली. एकदाही झाली नव्हती. मुलींसाठी एवढं वाचलं आणि स्वतःसाठी शून्य.

लस आपल्या पिढीसाठी उशिरा आली. आपल्यासाठी आहे ती तपासणी. ती किती मोलाची आहे हे आपल्याच मातीत सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच!

तिशीनंतर सरकारी केंद्रांतही साधी तपासणी होते : गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगरसारखं द्रावण लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा चट्टा उठतो का ते बघतात. मोठ्या दवाखान्यांत पॅप स्मिअर (तिथल्या पेशी अलगद घेऊन तपासतात) किंवा एचपीव्हीची चाचणी. पांढरा चट्टा दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, आणि पिशवी काढायची असं तर मुळीच नाही. पुढची तपासणी सांगतील, ती करायची. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जात असेल तर मात्र तपासणीची तारीख शोधत बसू नका, लगेच दाखवा.

माझी पाच मिनिटांत झाली. लाज वाटली, थोडं अवघडलं, दुखलं नाही. बाहेर येऊन बघते तर धाकटी बाकावर बसून दंड चोळत होती. म्हणाली, ‘तुला पण टोचलं?’